दवाखान्यात माणसं येतात, पण टिकत का नाहीत?

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय. फक्त माझं "म्हणजे काय की" दहा वेळा आलं होतं, ते कमी केलंय.)

  इअरफोन लावून एसटीत बसलेले, रानात वैरण कापता कापता ऐकणारे, रात्रपाळीला जागे असलेले, सगळ्यांना राम राम.

मागच्या भागानंतर एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्या म्हणाल्या, "दादा, आमच्या गावच्या दवाखान्यात चांगल्या मॅडम आल्या होत्या. माणसं जायला लागली होती. सहा महिन्यांत मॅडम गेल्या. त्याच्या आधीचे सर पण असेच गेले. आमचंच गाव वाईट आहे काय?"

तर आजचा विषय हाच. डॉक्टर, नर्स, आशाताई, समुदाय आरोग्य अधिकारी ही माणसं आपल्यासारख्या भागात येतात आणि टिकत का नाहीत? आणि जी टिकतात ती कशामुळे टिकतात?

आता तुम्ही म्हणाल, तू सॉफ्टवेअरवाला, तुला यातलं काय कळतं? बरोबर आहे. मी डॉक्टर नाही. मी गगनबावड्याचा. बीटेक केलं, सहा वर्षं कोड लिहितोय. पण माझ्या धंद्यात एक शब्द रोज कानावर येतो: अॅट्रिशन. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण. २०२२ मध्ये आपल्या मोठमोठ्या आयटी कंपन्यांत हे प्रमाण वीस टक्क्यांच्या वर गेलं, तेव्हा काय धावपळ झाली होती! बोनस, पगारवाढ, घरून काम. मॅनेजर दर आठवड्याला विचारायचा, "सगळं ठीक ना?" सोडून जाणाऱ्याला शेवटच्या दिवशी बसवून विचारायचे, का चाललास? कारण कंपनीला माहीत असतं, माणूस गेला की त्याच्या डोक्यातलं पण जातं.

आता हेच आपल्या तालुक्याला लावून बघा.

डोक्यातलं काय जातं?

ज्यांनी गगनबावडा बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोल्हापुरातून पश्चिमेला साधारण ५५ किलोमीटर. पुढं करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट, खाली उतरलं की कोकण. वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. कुंभी नदीला पूर आला की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येतं आणि कोल्हापूरचा रस्ता बंद होतो. लोकसंख्येनं हा छोटा तालुका, २०११ च्या जनगणनेत साधारण पस्तीस हजार. पण ही पस्तीस हजार माणसं वाड्या-वस्त्यांत, धनगरवाड्यांत विखुरलेली.

सरकारी निकष असा आहे: सपाटीवर तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ भागात वीस हजारांमागे एक. उपकेंद्र सपाटीवर पाच हजारांमागे, डोंगरात तीन हजारांमागे. म्हणजे कागदावर सगळी पदं भरलेली असली तरी आमच्याकडं आरोग्याची माणसं मोजकीच. त्यातली दोघं गेली तर काय होतं?

नुसती खुर्ची रिकामी होत नाही. कुठल्या वाडीला जुलैत ओढा ओलांडता येत नाही, कुठल्या घरात ऑगस्टमध्ये बाळंतपण आहे आणि तिला पाऊस सुरू व्हायच्या आधी खाली नातेवाइकांकडं हलवायला पाहिजे, कोण क्षयरोगाच्या गोळ्या अर्ध्यातच सोडतो, कुठल्या आजीला इंजेक्शनपेक्षा आधी चहा आणि गप्पा लागतात, हे सगळं त्या माणसाबरोबर जातं. नवीन माणूस येतो, त्याला हे शिकायला एक पावसाळा लागतो. आणि पावसाळा संपला की तो पण बदलीचा अर्ज टाकतो.

केंद्र सरकार दरवर्षी ग्रामीण आरोग्याची आकडेवारी काढतं. त्यात मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी किती, असे रकाने असतात. बघायला चांगले आहेत. पण रिकामं पद हा शेवटचा निकाल झाला. आमच्याकडं सर्व्हर बंद पडल्यावर फक्त "बंद आहे" असं लिहून कोणी थांबत नाही. लॉग काढतात. का बंद पडला ते शोधतात. तर चला, जरा लॉग बघू.

पगार आणि समाधान या दोन वेगळ्या गोष्टी

१९५९ साली फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आपल्या सहकाऱ्यांसोबत एक पुस्तक काढलं. पिट्सबर्ग भागातल्या साधारण दोनशे इंजिनीअर आणि हिशेबनिसांना त्यांनी विचारलं होतं: कामावर तुम्हाला फार बरं कधी वाटलं, आणि फार वाईट कधी वाटलं?

गंमत अशी की दोन्ही उत्तरं वेगळ्याच गोष्टींबद्दल होती. वाईट कधी वाटलं? पगार, साहेबाचं वागणं, ऑफिसचे नियम, कामाची जागा. बरं कधी वाटलं? काहीतरी जमलं, कुणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली, काही नवीन शिकलो.

म्हणजे पगार नीट नसेल तर माणूस वैतागतो, आणि नीट झाला की वैताग थांबतो. पण वैताग थांबला म्हणून माणूस खूश झाला, असं होत नाही. खूश होण्याचं खातं वेगळं आहे.

या सिद्धांतावर नंतर बरीच टीका झाली, संशोधकांची भांडणंही झाली. पण दोन खाती वेगळी ठेवून विचार करायची सवय मला लय उपयोगी वाटते. कारण आपल्याकडं दोन टोकं आहेत. एक म्हणतो, "पगार वाढवा, सगळं सुटेल." दुसरा म्हणतो, "ही सेवा आहे, पैसे काय मागता?" दोघंही अर्धंच बोलतात.

पहिलं खातं: वैतागाचं

आशाताईंपासून सुरू करू. २००५ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि त्यातून गावोगावी आशा आल्या. साधारण हजार लोकांमागे एक. गावातलीच बाई. कागदावर ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला.

आता एक साधा हिशेब. बाळ जन्मलं की आशानं घरी जाऊन बघायचं असतं: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी. बाळाचं वजन, ताप, श्वास, आई दूध पाजते की नाही, सगळं बघायचं. घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आपल्या महाराष्ट्रातली. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी गावच्या बायकांना शिकवून ती करून दाखवली, आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. म्हणजे या भेटी काही कागद रंगवायला नाहीत. त्यातनं बाळं वाचतात.

या सहा भेटी पूर्ण केल्या की ठरलेला मोबदला २५० रुपये. भागाकार करा. एका भेटीला बेचाळीस रुपये पण पडत नाहीत. आता डोक्यावर इरलं किंवा छत्री, पायात जळवा, आणि तासभर चढ चढून धनगरवाड्यावर जायचं. ते पण सहा वेळा.

मग आशा रस्त्यावर आल्या तर नवल काय? जून २०२१, कोरोना जोरात असताना महाराष्ट्रातल्या साधारण सत्तर हजार आशांनी संप केला. आठवडाभरानं हजार रुपये मानधनवाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता यावर तो मिटला. मग १८ ऑक्टोबर २०२३ ला पुन्हा संप. नोव्हेंबरमध्ये सात हजारांच्या वाढीचं आश्वासन मिळालं, संप मागं घेतला. शासन निर्णय काही निघेना. १२ जानेवारी २०२४ ला परत संप, आझाद मैदानात ठाण मांडून बसल्या. शेवटी मार्चमध्ये पाच हजारांची वाढ मंजूर झाली, नोव्हेंबर २०२३ पासून लागू.

या मधल्या काळातच, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांवर आशांना जागतिक पातळीवरचा सन्मान दिला. तुम्हीच बघा. जगानं शाबासकी दिली, आणि मानधनाच्या कागदासाठी मैदानात बसावं लागलं.

हे फक्त आशांचं नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानात नर्स, औषधनिर्माते, लॅबवाले, डॉक्टर असे हजारो लोक कंत्राटी आहेत. कंत्राट संपणार, परत वाढणार, परत संपणार. १४ मार्च २०२४ ला शासन निर्णय निघाला, की दहा वर्षं सेवा झालेल्यांना नियमित पदांवर सामावून घ्यायचं. त्याची अंमलबजावणी मागत १९ ऑगस्ट २०२५ पासून राज्यभर हेच लोक संपावर गेले. दहा वर्षं! आमच्याकडं पोरं दोन वर्षांत कंपनी बदलतात. इथं माणूस दहा वर्षं टिकला, आणि तरी त्याला विचारावं लागतंय, की मी तुमचा आहे का नाही?

म्हणून पहिलं खातं आधी भरलं पाहिजे. वेळेवर पैसे, पक्की नोकरी, गळकं नसलेलं घर, रात्री सुरक्षित वाटेल असा दवाखाना. यावर घासाघीस नको.

आता माझ्या धंद्याबद्दल: ॲप

आमच्या भावकीतल्या एक वहिनी आशा आहेत. गाव कुठलं ते सांगत नाही. बारा-तेरा वर्षं हे काम करतायत. गेल्या दिवाळीत त्या म्हणाल्या, "भावजी, आता सोडावं म्हणते. कोल्हापुरात एका दवाखान्यात मावशीची जागा हाय. बारा हजार. आठ तास झाले की घर."

मी विचारलं, चालून चालून कंटाळला काय? तर म्हणाल्या, "चालायचं काय न्हाई ओ. चालायची सवय हाय. ह्या मोबाईलनं जीव खाल्ला."

मग मी एका संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसलो आणि बघितलं. ॲपचं नाव सांगत नाही, कारण अशी बरीच आहेत. त्यांनी दुपारी एका बाळाला बघायला वीस मिनिटं दिली होती. वहीत नीट लिहिलं होतं. वजन, तापमान, सगळं. तेच मोबाईलवर भरायला बावीस मिनिटं लागली. रेंज जात होती. फॉर्म अर्धा भरला की पान कोरं व्हायचं. यादीत वाडीचं नाव नाही, म्हणून शेजारचं गाव निवडायचं. बाळाला नाव ठेवलेलं नाही, पण नावाचा रकाना रिकामा सोडता येत नाही. तीच माहिती वहीत, तीच रजिस्टरमध्ये, तीच ॲपमध्ये. आणि महिनाअखेरीला वरून फोन, "तुमची एन्ट्री दिसत नाही."

वहिनी चिडून म्हणाल्या, "बाळाचं वजन मी वहीत लिवलंय. ते खोटं हाय व्हय?"

मंडळी, हा प्रश्न नीट ऐका. तेरा वर्षं काम केलेल्या बाईला ॲप सांगतंय, की तू गेलीस हे मी मानत नाही. फोटो दाखव. ठिकाण दाखव. २०२१ मध्ये हरियाणातल्या आशांनी 'एमडीएम ३६० शील्ड' नावाच्या ॲपविरोधात आंदोलन केलं होतं. कामासाठी दिलेल्या मोबाईलमध्ये ते घातलं होतं आणि त्यातून आपल्यावर पाळत ठेवली जाते, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे ही काही एका वहिनीची कुरकुर नाही.

यातलं तंत्र अवघड आहे का? अजिबात नाही. रेंज नसताना माहिती फोनमध्येच साठवायची आणि रेंज आली की आपोआप पाठवायची. तुमचं व्हॉट्सॲप रोज हेच करतं. घाटात मेसेज टाकता, घड्याळाचं चिन्ह दिसतं, खाली उतरलात की जातो. जे "हॅपी बर्थडे" साठी जमतं ते बाळाच्या वजनासाठी का जमू नये?

अडचण अशी आहे, की बहुतेक ॲप वरच्या साहेबाला तक्ता दिसावा म्हणून बांधलेली असतात. भरणाऱ्या बाईला त्यातून परत काय मिळतं? "उद्या या तीन घरी जा," "या बाळाचं वजन वाढलेलं नाही, लक्ष दे," असं ॲपनं तिला सांगितलं तर ते तिचं हत्यार होईल. नुसतं घेतच राहिलं तर ते ओझंच.

आणि इथं हर्झबर्गची दोन्ही खाती एकत्र येतात. खराब ॲपमुळं वैताग वाढतो, हे एक. दुसरं, ज्या वेळात तिला आईशी बोलून समाधान मिळालं असतं, तो वेळच ॲप खातं.

दुसरं खातं: समाधानाचं

आता टिकलेल्या माणसांकडं वळू. तीन गोष्टी सांगतो.

पहिली जामखेडची. १९७० मध्ये डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे या जोडप्यानं तिथं काम सुरू केलं. दुष्काळी भाग, डॉक्टर यायला तयार नाहीत. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. कित्येक जणी निरक्षर, कित्येक दलित समाजातल्या. त्यांना बाळंतपण, हगवण, कुष्ठरोग, पाणी, सगळं शिकवलं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की यातल्या अनेक जणी दशकानुदशकं काम करत राहिल्या.

कशामुळं? त्या नियमितपणे जामखेडला एकत्र जमायच्या. नवीन काहीतरी शिकायच्या. माझ्या गावात हे झालं, मी असं केलं, तुझ्याकडं काय झालं, अशी देवाणघेवाण व्हायची. म्हणजे शिकणं सुरू राहिलं आणि मैत्रिणी मिळाल्या. ज्या बाईला गावात कोणी विचारत नव्हतं, तिला माणसं सल्ला विचारायला लागली. शिवाय पोटापाण्यासाठी छोटे धंदे उभे करायला मदत होती. नाहीतर लगेच कोणीतरी म्हणेल, "बघा, जामखेडच्या बायका फुकट करत होत्या!" तसा अर्थ काढू नका.

दुसरी गोष्ट घाटाखालची, महाडची. डॉक्टर हिंमतराव बावस्कर. १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावून धडधाकट माणसं, लहान मुलं मरायची. बावस्करांनी एकेका रुग्णाशेजारी बसून नोंदी ठेवल्या. हृदयावर नेमकं काय होतं ते बघितलं. मग रक्तदाबाचं साधं औषध, प्राझोसिन, वापरून पाहिलं. पूर्वी अशा गंभीर रुग्णांतले चाळीस टक्क्यांच्या आसपास दगावायचे. ते प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आलं. 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढं ते महाडलाच राहिले. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

सगळ्यांनी बावस्कर व्हावं, असं मी म्हणत नाही. पण बघा, लोक ज्याला "शिक्षेची पोस्टिंग" म्हणतात तिथं त्यांना आयुष्यभर पुरेल असा प्रश्न सापडला. आमच्या गगनबावड्यात असे प्रश्न कमी आहेत काय? साप आहेत, पावसाळ्यातले ताप आहेत, रस्ता बंद असताना अडलेली बाळंतीण आहे. तरुण डॉक्टरला वाटलं पाहिजे, की मी इथं एक वर्ष राहिलो तर मला असं काही येईल जे शहरातल्या डॉक्टरला येत नाही. त्यासाठी त्याला फोनवर विचारायला एखादा वरिष्ठ हवा, वाचायला वेळ हवा, आणि "रेफर टू सीपीआर" यापलीकडं काही करायची मुभा आणि साधनं हवीत.

तिसरी गोष्ट लांबची, नेदरलँड्सची. तिथं घरोघरी जाऊन आजारी, म्हाताऱ्या माणसांची सेवा करणाऱ्या नर्स होत्या. कंपन्यांनी त्यांचं काम मिनिटांत मोजायला सुरुवात केली. इंजेक्शनला इतकी मिनिटं, अंघोळीला इतकी. नर्स वैतागल्या. मग योस द ब्लोक नावाच्या एका नर्सनंच २००६ मध्ये 'ब्यूर्तझोर्ख' नावाची संस्था काढली. अर्थ साधा, शेजारची काळजी. जास्तीत जास्त बारा नर्सची एक टोळी. त्यांच्यावर साहेब नाही. कोणाकडं कधी जायचं, रजा कोणी घ्यायची, नवीन कोणाला घ्यायचं, सगळं टोळीच ठरवणार. हजारो नर्स तिथं आल्या, आणि देशातल्या सगळ्यात चांगल्या मालकांत या संस्थेचं नाव अनेकदा पहिलं आलं.

आता नेदरलँड्स कुठं आणि आपण कुठं, हे मलाही कळतं. पण एका उपकेंद्रातली नर्स, समुदाय आरोग्य अधिकारी आणि चार-पाच आशा ही पण एक टोळीच आहे की! आठवड्याचा फिरतीचा दिवस कुठला, कुठल्या वाडीला आधी जायचं, हे त्यांनी ठरवलं तर काय बिघडणार आहे? पावसाळ्यात कुठली वाट चालू आहे हे मुंबईपेक्षा त्यांनाच जास्त माहीत.

मग येणाऱ्याला बांधून ठेवायचं का?

आपल्याकडं एक उपाय आहे, बाँड. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवा. याचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. त्या वर्षभर खुर्चीत डॉक्टर असतो, आणि गावाला तेही हवंच असतं. पण बाँडनं माणूस येतो, टिकत नाही. ते एक वर्ष त्याला कसं गेलं यावर पुढचं ठरतं.

माझ्या ओळखीचा एक मराठवाड्यातला डॉक्टर घाटमाथ्यावरच्या एका उपकेंद्रात होता. चांगला पोरगा. चौदा महिने राहिला. त्याच्या मासिक मोबदल्यातला मोठा भाग कामगिरीवर ठरणारा, आणि तो महिनोन् महिने लांबायचा. राहायच्या खोलीत पावसात छताखाली बादल्या. पण जाताना तो जे बोलला ते वेगळंच होतं. म्हणाला, "चौदा महिन्यांत एकानं पण मला विचारलं नाही, की तुझं बरं चाललंय ना? फोन यायचा तो आकड्यांसाठीच."

जागतिक आरोग्य संघटनेनं दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी टिकावेत म्हणून २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२१ मध्ये त्या सुधारल्या. त्यात बाँड आहे, पैसे आहेत. पण त्याच्या जोडीला ग्रामीण भागातलीच मुलं निवडून शिकवा, राहायची सोय नीट करा, शिकायची आणि बढतीची वाट ठेवा, कौतुक उघडपणे करा, हेही आहे. आणि एक गोष्ट अनेक देशांत दिसलीय: खेड्यातून आलेली मुलं खेड्यात काम करायची शक्यता जास्त असते.

म्हणजे साळवणची, असळजची, तिसंगीची जी पोरगी आज बारावी सायन्सला आहे, ती आपली उद्याची नर्स किंवा डॉक्टर. तिला पाऊस नवीन नाही, जळवा नवीन नाहीत, आणि धनगरवाड्यावरच्या आजीची भाषा पण नवीन नाही.

आपण काय करायचं?

तुम्ही बहुतेक जण वीस-पंचवीसचे. आरोग्यमंत्री नाही. पण चार गोष्टी आपल्या हातात आहेत.

एक. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत निधी मिळायची तरतूद आहे. तुमच्या गावात तिची शेवटची बैठक कधी झाली, ते विचारा. ग्रामसभेत विचारा. त्याच वेळी हे पण विचारा, की उपकेंद्रातल्या मॅडमच्या खोलीला पाणी आहे काय, दिवा आहे काय, कडी लागते काय. "मॅडम का थांबत नाहीत?" हे विचारायच्या आधी खोलीचं छत बघून या.

दोन. दवाखान्यात नवीन कोणी आलं, की पहिल्या आठवड्यात जाऊन भेटा. आजारी नसताना. गावची वाट दाखवा, रेंज कुठं येते ते सांगा, जेवायला बोलवा. आमच्याकडं याला ऑनबोर्डिंग म्हणतात आणि त्याला पगारी माणसं ठेवतात. गावाकडं याला पाहुणचार म्हणतात, आणि तो आपल्याला शिकवायला लागत नाही.

तीन. रागाच्या भरात व्हिडिओ काढायच्या आधी एकदा थांबा. औषध नाही ही चूक बहुतेक वेळा समोरच्या नर्सची नसते. तक्रार जरूर करा, पण ती वर, लेखी, तालुक्याला. आणि दवाखान्यात हात उचलणं हा गुन्हा आहे. २०१० पासून महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा आहे.

चार. ही माझ्यासारख्यांसाठी. आरोग्याचं ॲप बनवणाऱ्या टीममध्ये तुम्ही असाल तर एक दिवस ते डोंगरात, पावसात, पाच टक्के बॅटरीवर, अंगठा ओला असताना वापरून बघा. एखाद्या आशाताईंच्या शेजारी बसून बघा. जो रकाना काढून टाकता येईल तो काढा.

वहिनींचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. त्या अजून आहेत. कोल्हापूरची जागा त्यांनी सध्या नको म्हणून सांगितलंय. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "श्रावणात दोन बाळंतपणं हायत. ती होऊ देत. मग बघू." त्यांना थांबवणारं आत्ता एवढंच आहे: दोन बायका त्यांची वाट बघतायत. पण फक्त त्यांच्या चांगुलपणावर एखाद्या तालुक्याचं आरोग्य किती दिवस चालवायचं?

तुमच्या गावात दहा-दहा वर्षं टिकलेली एखादी नर्स, आशाताई, डॉक्टर असतील, तर या आठवड्यात त्यांना जाऊन एवढंच विचारा: तुम्ही का थांबलात? आणि उत्तर मला व्हॉइस मेसेजनं पाठवा, त्यांची परवानगी घेऊन, नाव न सांगता. पुढचा भाग त्या उत्तरांवरच करू. ज्या ताईंनी प्रश्न पाठवला होता त्यांना सांगतो: तुमचं गाव वाईट नाही. पुढच्या वेळी नवीन मॅडम आल्या की पहिला चहा तुमच्या घरचा पाजा.

चला, काळजी घ्या. घाटातून गाडी जपून चालवा. भेटू पुढच्या भागात. राम राम!